कानातील हाडाचे विकार आणि शिक्षकाचे निरीक्षण

‘वर्गात लक्ष देत नाही’ हा शेरा शाळेच्या दप्तरात जितक्या सहजपणे लिहिला जातो, तितक्या सहजपणे दुसरा कोणताही शेरा क्वचितच लिहिला जात असेल. हा शेरा बहुतेक वेळा खराही असतो. परंतु कधी कधी तो अशा मुलावर पडतो, की जे इतर सर्वांपेक्षा अधिक लक्ष देत असते. शिक्षकाच्या ओठांकडे एकटक पाहणे, शेजाऱ्याच्या वहीत डोकावून प्रश्न जाणून घेणे, अर्धवट ऐकलेल्या वाक्याचा उरलेला अर्धा भाग तर्काने जुळवणे, हे सर्व ते करीत असते. ते दमते, आणि दमले की खिडकीबाहेर पाहते. शेरा लिहिला जातो तो नेमका त्या क्षणी.

कान फुटून वाहू लागला तर ते घरच्यांना दिसते, वासानेही कळते. कान ठणकला तर मूल रात्री रडते. परंतु कानातील हाडच वाढून किंवा जाड होऊन ऐकण्याची वाट अडली, तर बहुधा पू नसतो, ताप नसतो, वेदनाही नसते. हा बहिरेपणा महिन्यामहिन्यांनी, वर्षावर्षांनी येतो; म्हणून ज्याला तो येतो त्यालाही आपले काय गेले हे उमगत नाही. शिवाय हे विकार बहुधा बोलणे पूर्ण आल्यानंतर, म्हणजे वरच्या इयत्तांत किंवा तारुण्यात प्रकट होतात. मुलाची वाणी स्वच्छ असते. ज्याचे बोलणे स्पष्ट आहे तो बहिरा असेल, अशी शंका कोणास येणार?

प्रारंभी एक गोष्ट स्पष्ट करणे अवश्य आहे. हे विकार विरळ आहेत. प्राथमिक शाळेतील कमी ऐकणाऱ्या मुलांपैकी बहुसंख्यांचे कारण कानात घट्ट बसलेला मळ, सर्दीपडशानंतर पडद्यामागे साचलेले पाणी किंवा पडद्याला छिद्र पडून वाहणारा कान हेच असते. तथापि ज्या निरीक्षणाने ही नेहमीची कारणे हाती लागतात, त्याच निरीक्षणाने हाडाचे विकारही हाती लागतात. चाळणी एकच आहे. फरक इतकाच, की वाहणाऱ्या कानाची चिंता करणारे घरात कोणी तरी असते. हाडाने अडलेल्या कानाची चाहूल लागण्याचा संभव असलेले ठिकाण म्हणजे वर्ग होय.

ध्वनी मेंदूपर्यंत कसा पोहोचतो हे विज्ञानाच्या पाठात येतेच. कानाच्या पाळीमधून आत जाणारी नळी प्रौढ माणसात सुमारे अडीच सेंटिमीटर लांब असते. तिचा बाहेरचा एकतृतीयांश भाग कूर्चेचा, म्हणून लवचीक. आतला दोनतृतीयांश भाग कानशिलाच्या हाडात कोरलेला, म्हणून कठीण. नळीच्या शेवटी पडदा, पडद्याला जोडून हातोडा, ऐरण व रिकीब ही तीन हाडे, आणि रिकिबीचे पाऊल जेथे टेकते तेथे अंतर्कर्णाची खिडकी. रिकीब हे शरीरातील सर्वांत लहान हाड; उंची जेमतेम तीन मिलिमीटर. खिडकीच्या पलीकडे गोगलगायीच्या शंखासारखा अवयव असतो, आणि तेथे कंपनांचे मज्जातंतूंच्या संदेशांत रूपांतर होते.

याचा अर्थ असा, की बहिरेपणाचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. आतला शंख किंवा मज्जातंतू बिघडला तर तो एक प्रकार. आणि आत सर्व ठीक असून कंपने तेथवर पोहोचतच नाहीत, तो दुसरा. पहिल्यात घरातील माणूस आजारी आहे, दुसऱ्यात घराचे दारच अडले आहे. हाडाचे विकार मुख्यतः दुसऱ्या प्रकारात मोडतात, आणि दार पुष्कळदा उघडता येते. या विषयाकडे शिक्षकाने लक्ष द्यावे याचे खरे कारण हेच आहे.

या दोन प्रकारांतील भेद वर्गात साधनाशिवाय दाखविता येतो. मुलांना तोंड मिटून एकसारखा ‘म्ऽऽ’ असा हुंकार करण्यास सांगावे, आणि तो चालू असता एका कानाचे छिद्र बोटाने हलकेच बंद करावयास लावावे. हुंकार बंद केलेल्या कानातच मोठा ऐकू येतो! मुलांना याचे मोठे नवल वाटते. स्वतःचा आवाज कवटीच्या हाडांतून थेट अंतर्कर्णाला पोहोचतो, आणि बाहेरचे दार बंद असल्याने तो तेथे अधिक ठळक भासतो. जर्मन शास्त्रज्ञ एर्न्स्ट वेबर यांच्या नावाने चालणारी नादकाट्याची परीक्षा याच तत्त्वावर आधारलेली आहे. १८५५ साली हाइनरिख रिने यांनी सांगितलेली परीक्षाही हवेतून आणि हाडातून येणाऱ्या ध्वनींची तुलनाच करते. दोन्ही परीक्षा आजही कान-नाक-घसा तज्ज्ञ प्रथम करून पाहतात.

या प्रयोगातून शिक्षकाला एक उपयुक्त खूण मिळते. ‘बहिरा माणूस ओरडून बोलतो’ असा सर्वसामान्य समज आहे. मज्जातंतूच्या बहिरेपणात तो बराचसा खराही आहे, कारण त्या माणसाला स्वतःचा आवाजही नीट ऐकू येत नाही. परंतु ज्याचे दार अडले आहे त्याला स्वतःचा आवाज उलट मोठा वाटतो, म्हणून तो हळू बोलतो. तेव्हा हळू, जवळजवळ पुटपुटल्यासारखे उत्तर देणारा आणि सांगितलेले पुन्हा विचारणारा विद्यार्थी लाजाळू आहे असे लगेच ठरवू नये.

आता प्रत्यक्ष विकारांकडे वळावे. नळीच्या हाडाळ भागात, बहुधा दोन हाडांच्या सांध्यावर, देठ असलेली एखादी वाटोळी गाठ वाढते. तिला ऑस्टिओमा म्हणतात. ती प्रायः एकाच कानात व एकच असते. हाडाचीच असते, कर्करोगाची नव्हे. आणि अतिशय सावकाश वाढते. नळीत किंचित फट राहिली असेल तोपर्यंत ऐकण्यात विशेष फरक पडत नाही, कारण ध्वनीला बारीक वाटही पुरते. पण त्या फटीत मळाचा कण अडकला किंवा विहिरीत पोहताना पाणी शिरून मळ फुगला, की कान एकाएकी बंद होतो. चार दिवसांनी मळ सुकून सरकला, की पुन्हा उघडतो. सोमवारी हाक न ऐकणारा मुलगा शुक्रवारी कुजबुजही ऐकतो, आणि शिक्षकाची खात्री पटते की सोमवारचे सारे ढोंग होते. ऐकण्यातील असा चढउतार हे ढोंगाचे लक्षण मानण्याची घाई फार नुकसान करते. सर्दीमुळे पडद्यामागे पाणी साचणाऱ्या मुलांतही हाच चढउतार दिसतो.

अशा गाठीचा दुसरा उपद्रव अधिक गंभीर आहे. नळीची त्वचा स्वभावतः आतून बाहेर सरकत असते आणि मळ व मृत त्वचा आपोआप बाहेर आणून टाकते. गाठीने ही वाट अडली तर तो कचरा तिच्यामागे साचत जातो, सडतो, आणि कधी कधी त्याचा गोळा होऊन आजूबाजूचे हाड झिजवू लागतो. म्हणून कर्करोग नाही एवढ्यावर निर्धास्त राहणे योग्य नव्हे. उपद्रव देणारी गाठ शस्त्रक्रियेने काढता येते आणि ती पुन्हा उगवणे विरळ असते.

याहून वेगळी, रुंद बुडाची, बहुधा दोन्ही कानांत आढळणारी हाडाची उंचवटेवजा वाढ थंड पाण्यात वर्षानुवर्षे बुड्या मारणाऱ्यांत दिसते. समुद्राच्या लाटांवर फळी घेऊन खेळणारे पाश्चात्त्य तरुण आणि थंड सागरात बुडी मारणारे पाणबुडे यांचा हा विकार. महाराष्ट्रातील नद्या-विहिरींच्या पाण्याला तेवढी थंडी नसल्याने येथे त्याचा फारसा विचार करावा लागत नाही. मात्र तो किती जुना आहे हे सांगण्याजोगे आहे. इराकमधील शानिदर गुहेत १९५७ साली सापडलेल्या एका निअँडरथल मानवाच्या दोन्ही कानांत अशी वाढ होती, आणि तो बराच बहिरा असावा असा निष्कर्ष एरिक ट्रिंकाउस व सेबास्तियाँ व्हिलॉत यांनी २०१७ साली मांडला. त्याचा उजवा हात निकामी होता आणि एका डोळ्याजवळ जबर इजा झाल्याच्या खुणा होत्या. तरीही तो त्या काळाच्या मानाने वयस्क होईपर्यंत जगला. अर्थात त्याच्या टोळीने त्याला सांभाळले असले पाहिजे.

तिसरा विकार फायब्रस डिसप्लेसिया. यात पक्क्या हाडाच्या जागी तंतुमय ऊती आणि कच्चे हाड तयार होते. लुई लिच्टेनस्टाइन या विकृतिशास्त्रज्ञांनी १९३८ साली त्यास हे नाव दिले. तो बालपणात वा पौगंडावस्थेत सुरू होतो. कानशिलाच्या हाडात झाला तर कानामागे किंवा वर न दुखणारा कठीण फुगवटा येतो आणि कानाची नळी चहूबाजूंनी आवळत जाते. केस विंचरताना आईच्या हाताला तो फुगवटा लागतो, पण पूर्वी पडल्याची जुनी टेंगूळ म्हणून सोडून दिला जातो. कित्येकदा एकाच हाडात हा विकार असतो. अनेक हाडांत असल्यास पाय वाकणे, हाड वरचेवर मोडणे, त्वचेवर दुधाळ कॉफीच्या रंगाचे मोठे डाग किंवा मुलगी फार लहान वयात वयात येणे, अशी लक्षणेही सोबत असू शकतात. हा दोष गर्भावस्थेत पेशींची वाढ होत असता एखाद्या पेशीतील जनुकात आपोआप घडलेल्या बदलाने होतो. तो आईवडिलांकडून येत नाही. आईने ग्रहण पाळले नाही म्हणून असे झाले, हा आरोप गावात ऐकू आल्यास शिक्षकाने त्याचे निराकरण करावे. त्या आईवर तेवढे उपकार होतील. या विकारात शस्त्रक्रियेने रुंद केलेली नळी पुन्हा आवळण्याचा संभव असतो, म्हणून अशा मुलाची तपासणी वर्षानुवर्षे चालू ठेवावी लागते.

चौथा विकार नळीत दिसतच नाही. अंतर्कर्णाभोवतीचे हाड नव्याने घडू लागते आणि रिकिबीचे पाऊल खिडकीच्या चौकटीत जखडते. पडदा निरोगी, नळी मोकळी, तरीही ऐकू येत नाही. हा ओटोस्क्लेरोसिस. व्हिएन्नाचे आडाम पोलिट्झर यांनी १८९३ साली तो मूलतः हाडाचाच विकार असल्याचे दाखवून दिले. तो बहुधा पंधरा ते पंचेचाळीस या वयात प्रकट होतो, पुष्कळ कुटुंबांत आनुवंशिक असतो, दोन्ही कानांना होण्याकडे त्याचा कल असतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत सुमारे दुप्पट आढळतो. प्राथमिक शाळेच्या वयात तो क्वचितच दिसतो; परंतु वरच्या वर्गातील मुली, त्यांच्या थोरल्या बहिणी आणि खुद्द तरुण शिक्षिका या त्याच्या वयात येतात.

या बहिरेपणाची एक विलक्षण तऱ्हा थॉमस विलिस या इंग्रज वैद्याने १६७२ सालच्या आपल्या लॅटिन ग्रंथात नोंदविली आहे. एका स्त्रीला पतीचे बोलणे ऐकू येत नसे. पण नोकर जवळ नगारा वाजवीत राहिला, की ते स्पष्ट ऐकू येई. पती-पत्नींचा संवाद नगाऱ्याच्या साथीने चाले. यातील मर्म असे, की गोंगाटात बोलणारा आपोआप आवाज चढवितो. गोंगाट मात्र अडलेल्या कानाला त्रास देत नाही. पत्र्याच्या छपरावर पावसाच्या सरी कोसळत असता शिक्षक ओरडून शिकवितात आणि एरवी गप्प बसणारी मुलगी त्या दिवशी धडाधड उत्तरे देते, असे दिसल्यास ते केवळ योगायोगावर सोडू नये. तद्वतच वर्गाच्या कोलाहलात सहज ऐकू येणाऱ्या शिक्षिकेला शांत खोलीत मुख्याध्यापकांचे हळू बोलणे ऐकू येईनासे झाले असेल, तर तिनेही आपला कान तपासून घ्यावा.

१९५६ साली अमेरिकेतील जॉन शे यांनी जखडलेली रिकीब काढून तिच्या जागी टेफ्लॉनची कृत्रिम रिकीब बसविली, तेव्हापासून हा बहिरेपणा शस्त्रक्रियेने दूर होऊ लागला. बहुसंख्य रुग्णांना तिचा चांगला लाभ होतो. परंतु सुमारे शंभरात एकाचा त्या कानाचा श्रवणशक्तीचा ठेवाच जाण्याचा धोका असतो. ज्यांना हा धोका पत्करावयाचा नाही त्यांना श्रवणयंत्रही उत्तम साथ देते, कारण आतील मज्जातंतू शाबूत असतो. मुलींच्या बाबतीत दुखणे लपविण्याकडे घरच्यांचा ओढा असतो. ‘लग्न ठरेपर्यंत बोभाटा नको’ असे म्हणून वर्षे घालविली जातात, आणि ऐन शिक्षणाची वर्षेच त्यात खर्ची पडतात.

वर्गात कोणत्या गोष्टींवरून संशय घ्यावा? श्रुतलेखन ही शिक्षकाच्या हातातील सर्वांत चांगली कसोटी आहे. पाहून लिहिताना शुद्ध लिहिणारे मूल ऐकून लिहिताना चुकत असेल, विशेषतः आवाज उतरतो तेथे म्हणजे वाक्याच्या शेवटी शब्द गाळत असेल, किंवा ‘सात’चे ‘आठ’ करीत असेल, तर दोष भाषेचा नसून कानाचा असू शकतो. हाकेची दिशा न कळणे, नेहमी एकच कान पुढे करणे, शिक्षक फळ्याकडे तोंड करून बोलू लागताच लिहिणे थांबविणे, याही खुणा होत. मागील वर्षी हुशार गणलेले मूल यंदा घसरले असेल, तर ही खूण विशेष महत्त्वाची मानावी. हळूहळू आलेल्या बहिरेपणाचा तोच आलेख असतो.

संशय आल्यास कुजबुज चाचणी घ्यावी. शांत खोलीत मुलाच्या मागे हातभर अंतरावर उभे राहावे, म्हणजे ओठ दिसणार नाहीत. एका कानाच्या छिद्रापुढील कूर्चेची पाकळी दुसऱ्या कोणी बोटाने दाबून हलकेच चोळीत राहावी. शिक्षकाने श्वास सोडून उरलेल्या श्वासात, घशाचा आवाज न काढता, ‘पाणी’, ‘साठ’, ‘फूल’ असे तीन शब्द उच्चारावे व मुलाने ते म्हणावे. निम्म्याहून कमी म्हणता आले तर दुसरे तीन शब्द घ्यावे. नंतर दुसरा कान. पाच मिनिटांचे हे काम आहे. दोनदा न जमल्यास मूल तपासणीस पाठवावे. चाचणीचा निकाल वर्गासमोर सांगू नये. आणि रोगाचे नाव शिक्षकाने ठरवू नये. ते काम दुर्बीण, श्रवणमापन व प्रसंगी सीटी स्कॅन यांचे आहे.

कानात काही घालू नये, हे येथे ठासून सांगणे भाग आहे. पालकांना मशेरी, तेल, लसणाचा रस यांचे उपाय सांगणारे गावात पुष्कळ असतात. बाजारच्या दिवशी कानातील मळ काढून देणारे फिरते लोकही बसतात. कानातील हाडाची गाठ पांढरट, गुळगुळीत दिसते. मळाचा खडा समजून तिच्यावर काडी किंवा आकडा चालविला, की हाडावरील कागदासारखी पातळ त्वचा फाटते, रक्त येते, कान पिकतो, आणि पूर्वी नसलेले दुखणे नव्याने सुरू होते.

पाठवावयाचे कोठे? फेब्रुवारी २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमानुसार अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते आणि फिरते वैद्यकीय पथक शाळेत येते. पथक येईल त्या दिवशी संशयित मुलांची यादी शिक्षकाच्या हाती तयार असावी. शेकडो मुलांच्या घाईत न दुखणारा कान पथकाच्याही नजरेतून सुटू शकतो. पथकाची वाट पाहण्यासारखी स्थिती नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्राची चिठ्ठी घेऊन जिल्हा रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागाकडे जावे. मुंबईत वांद्रे येथे अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून श्रवणदोषाच्या क्षेत्रात कार्य करीत आहे. पालकांशी बोलताना ‘तुमचे मूल बहिरे आहे’ असे म्हणू नये. ‘भाऊ, पोरगं हुशार आहे, एकदा कान तेवढा दाखवून आणा’ एवढे म्हटले की पुष्कळसे काम होते.

येथे एक अडचण लक्षात घेतली पाहिजे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबेल श्रवणहानी असेल त्यास ‘ऐकण्यास कमी येणारा’, आणि ७० डेसिबेल असेल त्यास ‘कर्णबधिर’ म्हटले आहे. केवळ दार अडल्याने होणारी हानी बहुधा साठापलीकडे जात नाही, कारण त्यापुढील ध्वनी कवटीच्या हाडातून पोहोचतोच. एका कानाचा विकार तर व्याख्येत बसतच नाही. म्हणजे या मुलाला प्रमाणपत्र मिळण्याचा संभव कमी. आणि नापास होण्यास मात्र एवढा बहिरेपणा पुरेसा आहे. साधे संभाषण सुमारे ६० डेसिबेलचे असते. त्यातून ४० वजा झाले, तर उरतो तो कुजबुजीहूनही क्षीण ध्वनी. ज्याची नोंद कोणत्याही कागदावर होत नाही अशा या मुलाची सोय शिक्षकाच्या विवेकावरच अवलंबून राहते.

ती सोय महाग नाही. उघड्या जागेत अंतर निम्मे केले की ध्वनी सहा डेसिबेलने वाढतो. वर्गात भिंतींमुळे हा हिशेब तंतोतंत जुळत नसला, तरी पुढच्या रांगेत, चांगला कान शिक्षकाकडे येईल अशा बाजूस बसविल्याने मोठा फरक पडतो. फळ्यावर लिहून झाल्यावर वर्गाकडे वळून बोलावे. गृहपाठ तोंडी न सांगता लिहून द्यावा. ‘समजले का?’ असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर मान हलवून ‘हो’ असेच येते. काय समजले ते विचारावे. नळी पूर्ण बंद असून शस्त्रक्रिया लांबणीवर असल्यास हाडावाटे ध्वनी पोहोचविणारे, डोक्याच्या पट्ट्यावर बसणारे श्रवणयंत्र उपयोगी पडते. त्याविषयी गटसाधन केंद्रातील विशेष शिक्षकांकडे विचारणा करावी.

शस्त्रक्रिया होऊन मूल परत आल्यावर डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत त्याच्या कानात पाणी जाऊ देऊ नये, विहिरीवर पोहण्यास पाठवू नये, आणि खेळाच्या तासाला कानावर मार लागणार नाही अशी काळजी घ्यावी. कुजबुज चाचणी दर सहा महिन्यांनी घेऊन तारखेसह नोंदवावी. विद्यार्थी दुसऱ्या शाळेत गेल्यास, पालकांच्या संमतीने, त्या नोंदीची प्रत शाळा सोडल्याच्या दाखल्यासोबत नव्या वर्गशिक्षकाकडे पाठवावी.